खंडेनवमी आणि मागच्या खोलीतली खेळणी

अर्जुनरावांच्या संगणक केंद्रात सुंदरराव सरांचा शब्द शेवटचा असे, कारण त्यांचं बोलणं संपेपर्यंत बाकीच्यांची घरी जायची वेळ झालेली असे. केंद्र पाटोद्याच्या बाजारात, खताच्या दुकानाच्या माडीवर. मालक अर्जुनराव. त्यांचा मूळ धंदा बोअर पाडायचा. आयुष्यभर जमिनीत खाली खाली जाऊन कंटाळल्यावर ते वर माडीवर आले आणि त्यांनी संगणक मांडले. सुंदरराव तिथले मुख्य शिक्षक. शाईस्ता मॅडम त्यांच्या हाताखाली होत्या, आणि हाताखाली आलेली वस्तू दाबून बघायची सुंदररावांना सवय होती.

दोघांचं भांडण सॉफ्टवेअरवरून होतं. पाटोद्यात भावकीची भांडणं बांधावरून होतात, तितकंच ते जुनं आणि तितकंच मनापासूनचं होतं. कोड लिहायचा, चालवून बघायचा आणि चुकला तर दुरुस्त करायचा, या तिन्ही कामांना मिळून एक सॉफ्टवेअर लागतं. सुंदररावांकडे एक होतं, शाईस्ताकडे दुसरं. दोन्हींची नावं इंग्रजी होती. ती म्हणण्यात वेळ जातो म्हणून केंद्रातले लोक एकाला मोठं आणि दुसऱ्याला छोटं म्हणत.

मोठं हॉलमधल्या नव्या मशीनांवर होतं. ते उघडायला इतका वेळ घेई की पोरं बटण दाबून खाली चहाला जात, आणि चहा पिऊन, कप विसळून, टपरीवाल्याशी वाद घालून परत आली तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असे. सुंदररावांना या गोष्टीचा अभिमान होता.

"मोठा माणूस हाक मारल्याबरोबर भाईर येतो का?" ते पोरांना विचारत.

उघडल्यावर मोठं बरेच प्रश्न विचारी. काम कुठं ठेवू, कसं ठेवू, कुठल्या जातीचं समजू. पोरं प्रत्येक प्रश्नाला 'नेक्स्ट' दाबत. मग सर फळ्यावर प्रोग्राम लिहीत, पोरं उतरवून घेत आणि पाढ्यांसारखा पाठ करत. "मधली ओळ कोण म्हणंल?" सर विचारत, आणि एखादा हुशार पोरगा उभा राहून मधली ओळ म्हणून दाखवी, कंसासकट. प्रोग्राम चुकला तर पडद्यावर लाल अक्षरांत पानभर मजकूर येई. तो वाचायची पद्धत नव्हती.

छोट्याचं सगळंच उलटं. दोनदा क्लिक केलं की पापणी लवायच्या आत हजर. वर लिहायची जागा, खाली उत्तराची जागा आणि एक हिरवं बटण. शेजारी आणखी एक बटण होतं. ते दाबलं की प्रोग्राम एकेका ओळीवर थांबत थांबत चाले आणि बाजूच्या चौकटीत कुठल्या नावात काय साठलंय ते दिसत राही. चूक झाली तर कुठल्या ओळीत झाली ते सांगे, आणि 'इथं कंस मिटवायचा राहिला असेल' असा अंदाजही देई. ज्याला यातलं काहीच येत नाही त्याच्यासाठीच ते बनवलेलं होतं. सुंदररावांचा राग नेमका एवढ्यावरच होता.

"चूक मशीनच सांगाया लागली तर आमी कावून बसलोत इथं?" ते म्हणत.

शाईस्ता म्हणे, "तेच विचारायचं होतं सर."

अशा उत्तरांमुळे तिला मागची खोली मिळाली. तिथं पूर्वी बोअरचे पाइप ठेवत. भंगारात निघालेली जुनी मशीनं सुंदररावांनी तिथं पाठवून दिली, वर चिठ्ठी नाही, काही नाही, नुसती धूळ. त्यांच्यावर मोठं उघडत नसे. एकदा प्रयत्न केला तर मशीननं आवाज काढला आणि खालचा खतवाला वर बघायला आला. पण छोटं त्यांच्यावर मजेत चाले. शाईस्ताचा भाऊ मतीन मोटारसायकलींचा मेकॅनिक. त्यानं येऊन पंखे झटकले, सुटलेल्या तारा जोडल्या, आणि जाताना सगळ्यांदेखत म्हणाला, "आपा, येच्यापेक्षा म्हशी पाळ्ळ्या तर बरं."

त्या खोलीत मुलींची बॅच सुरू झाली. एका सरकारी योजनेतली ती बॅच. मुली आसपासच्या गावांतल्या, बहुतेकींचे आईबाप दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीला जाणारे. त्यांतल्या रोहिणीला तिच्या आईनं, भिवराबाईनं, साफ सांगून ठेवलं होतं, "बॅच ऱ्हायली तर मामाकडं ऱ्हा. न्हाई ऱ्हायली तर गाडीत बस. कोयत्याला माणूस कमीच हाय." बाकीच्या मुलींच्या आयांनी असंच काहीबाही सांगितलं होतं, शब्द वेगळे.

बॅच राहणार की नाही हे तपासनीस ठरवणार होते. ते कधीही येतील, मुलींना स्वतः कोड लिहिताना बघतील आणि शेरा देतील. शेरा वाईट आला तर बॅच बंद आणि ती खोली सुंदररावांची, असं अर्जुनरावांनी कबूल केलं होतं. सुंदररावांना तिथं केबिन करायची होती. आतून बाहेरचं दिसेल पण बाहेरून आतलं दिसणार नाही अशी काचही त्यांनी बीडला जाऊन बघून ठेवली होती.

"मॅडम, खिडकीचं माप घेऊ का?" एकदा वर्ग चालू असताना ते टेप घेऊन आले.

"घ्या ना सर. पोरींनो, सरकून बसा. सरांना सरळ रेघेत मोजता येत न्हाई."

मुली हसल्या. सुंदररावांनी माप घेतलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी मागच्या खोलीच्या पंख्याचं बटण बाहेरून बंद करायला सुरुवात केली.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते हे सांगायला नको. नांगर, कोयता, सुतारांचा रंधा, शिंप्यांचं मशीन, सगळं धुऊन पुसून, हळदीकुंकू लावून मांडून ठेवतात. एकदा पूजेला बसलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कामाला हात लावायचा नाही. मतीनच्या गॅरेजातसुद्धा त्या दिवशी पाना उचलला जात नसे. मतीनची तयारी असे, पण गिऱ्हाईकंच उचलू देत नसत. अर्जुनराव तर या बाबतीत फार कडक. एका वर्षी त्यांनी पूजेनंतर बोअरची मशीन चालवली होती. पाणी लागलं. पण शेजाऱ्याच्या बोअरला. तेव्हापासून त्यांनी नाद सोडला होता.

सकाळीच त्यांनी बोअरची गाडी, जीप, ड्रिल एवढं पूजलं आणि झेंडूचं टोपलं घेऊन माडीवर आले. हॉलमधल्या प्रत्येक मशीनला कुंकवाचं बोट लागलं, माळ पडली. सुंदरराव पुढं होऊन नारळ धरत होते.

मागच्या खोलीच्या दारात रोहिणी आणि बाकीच्या मुली उभ्या होत्या. त्यांनी घरून फुलं आणली होती, माळा ओवल्या होत्या, मशीनं ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केली होती.

"मालक, आमचीबी राह्यलीत," रोहिणी म्हणाली.

अर्जुनराव तिकडं वळले, तर सुंदरराव आडवे झाले.

"कुठं निघालात मालक? तिथं काय हाय?"

"कंप्युटरं हायेत की."

"ती हत्यारं हायेत का?" सुंदररावांनी आवाज एवढा चढवला की खाली खतवाल्यालाही कळावं. "हत्यार कशाला म्हणायचं? ज्याला चालवायला अक्कल लागती त्याला. हॉलमधी हायेत ती हत्यारं. मागं हायेत ती लेकरांची खेळणी. भवऱ्याची, बाहुलीची कुणी पूजा करतं का? हसतील लोक तुम्हाला."

लोक हसतील या गोष्टीची अर्जुनरावांना शेजाऱ्याच्या बोअरनंतर धास्ती बसली होती. ते थांबले.

"खेळणं न्हाई ते," शाईस्ता आतून बाहेर आली. तिचा आवाज शांत होता, पण ओढणीचं टोक ती मुठीत पिळत होती. "ज्या मशीनीवर पोरगी सोताच्या डोक्यानं काही लिवती, ते खेळणं न्हाई सर. हत्यार तेच हाय. तुमचं ते नुसतं सामान हाय."

"मॅडम, नाव घ्या एक मोठ्या कंपनीचं जिथं हे छोटं वापरत्यात."

"तुमी नाव घ्या एक पोराचं जे तुमच्या मोठ्यावर बेरीज शिकलं."

"झालं का?" अर्जुनराव म्हणाले. त्यांना पुढं ट्रॅक्टर पूजायचा होता. "सुंदरराव, तुमी जाणकार. तुमी म्हणता तर खेळणी. ऱ्हाऊ द्या."

मुलींच्या माळा सुंदररावांनी स्वतः गोळा केल्या आणि हॉलमधल्या मशीनांना दुसरा पदर म्हणून घातल्या. रोहिणीच्या हातातली तिनं सोडली नाही, तर ती तुटली.  शाईस्तानं खोलीत जाऊन दार लावलं, म्हणजे ते आपटलं.

आणि इतक्यात अर्जुनरावांचा फोन वाजला. तपासनीस चौसाळ्यात चहा घेत होते आणि तिथून थेट पाटोद्यालाच येत होते.

तपासनिसांचं नाव रामहरी. त्यांना पित्ताचा त्रास होता आणि तो त्यांनी जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांत वाटून दिला होता. माडी चढून ते हॉलमध्ये आले, माळा घातलेल्या मशीनांकडं बघितलं आणि खुर्ची ओढून बसले.

"चालू करा."

अर्जुनरावांनी हात जोडले. "साहेब, बसलीत ती."

"कुठं बसलीत?"

"पूजेला. उद्या उठतील."

"तपासणीला पूजेची सुटी नाही."

"पूजेला तपासणीची न्हाई साहेब," अर्जुनराव नम्रपणे म्हणाले. "तुमी शेरा वाईट लिवा, मी सही करतो. पण हात लावू देणार न्हाई. माझ्या बोअरला एकदा झालंय."

रामहरींनी बोअरची गोष्ट विचारली नाही. ते सुंदररावांकडं वळले. "तुम्ही काय शिकवता इथं?"

सुंदररावांनी एका पोराला उभं केलं. पोरानं प्रोग्राम पाठ म्हणून दाखवला, कंसासकट.

"छान. पोपट. मशीनवर?"

"बसलीत साहेब," पोरगं म्हणालं.

सुंदररावांचा चेहरा तरीही प्रसन्न होता. तपासणी मुलींच्या बॅचची होती. शेरा वाईट गेला तर त्यांचं नुकसान काहीच नव्हतं. काच तर ठरलेली होती. रामहरींनी खिशातून पेन काढलं.

मागचं दार उघडलं.

"साहेब, खेळणी चालतील का?" शाईस्ता म्हणाली.

रामहरींनी पेन तसंच धरून वर बघितलं. तोवर शाईस्ता मालकांकडं वळली होती. "मालक, मागची मशीनं पूजेला बसली न्हाईत. सरच म्हणले, खेळणी हायेत. खंडेनवमीला खेळायला मनाई हाय का?"

अर्जुनरावांनी विचार केला. त्यांच्या विचार करण्याचा वेग मोठ्या सॉफ्टवेअरइतका होता, पण शेवटी ते उघडले. "न्हाई. खेळायला कसली मनाई?"

"मालक, असं कसं!" सुंदरराव उठले. "अहो कंप्युटर हायेत ते! हत्यारंच हायेत!"

"हत्यारं हायेत?" अर्जुनरावांचा आवाज बदलला. "मग सकाळी मला पूजा कावून करू दिली न्हाई? माझ्या छपराखाली नवमीला हत्यार बिगरपूजेचं ठेवलंत? सुंदरराव?"

 एक माळ घसरून कीबोर्डवर पडली, तरी कुणी उचलली नाही. उचलता येत नव्हती.

"खेळणीच हायेत," सुंदरराव म्हणाले. एवढं छोटं वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असतील.

सगळे मागच्या खोलीत गेले. रामहरींनी रोहिणीचं मशीन निवडलं, कारण तिच्या चेहऱ्यावर सगळ्यांत जास्त भीती होती. तिनं दोनदा क्लिक केलं. छोटं उघडलं.

"एवढ्यात?" रामहरी संशयानं म्हणाले. सुंदररावांनी दारातून घसा साफ केला.

रोहिणीनं भाकरींचा प्रोग्राम लिहिला. घरात माणसं किती, एकजण खातो किती, पाहुणे आले किती. हिरवं बटण दाबलं की थापायच्या भाकरींचा आकडा खाली येई. पहिल्यांदा लाल ओळ आली. छोट्यानं सांगितलं कुठल्या ओळीत, तिनं कंस मिटवला, आकडा आला.

"पाठ केलंय," रामहरी म्हणाले.

"तेच मी म्हणतो," सुंदरराव म्हणाले.

"तुम्हाला विचारलं नाही. ए पोरी, भिंतीकडं तोंड कर."

रोहिणी वळली. रामहरींनी वाकून काहीतरी बदललं आणि तिला परत बसवलं. "आता सांग, मी काय केलं?"

तिनं हिरवं बटण दाबलं. आकडा आला, पण कमी. पाहुणे वाढवले, आकडा आणखी कमी झाला. तिनं पडद्याकडं बघितलं, मग शाईस्ताकडं. शाईस्ता खिडकीबाहेर बघत उभी होती. इशारा केला असं म्हणायची सोय तिला कुणालाच द्यायची नव्हती.

रोहिणीनं दुसरं बटण दाबलं. प्रोग्राम पहिल्या ओळीवर थांबला. पुन्हा दाबलं, दुसऱ्या ओळीवर. बाजूच्या चौकटीत आकडे बदलत गेले. तिच्या मागं अर्जुनराव वाकून बघत होते. त्यांचा श्वास तिच्या मानेवर येत होता.

"पाहुणे आले की भाकरी कमी व्हायल्यात," ती हळू म्हणाली.

"आमच्या घरी तसंच आहे," रामहरी म्हणाले. "कुठं होतंय ते दाखव."

ती पुढच्या ओळीवर जाणार एवढ्यात अर्जुनरावांनी मांडीवर थाप मारली.

"आरं, हे तर चोराला पावलापावलानं गाठायलंय! आमच्या बोअरला असलं काही असतं तर कुठल्या फुटावर पाणी गेलं ते कळालं असतं! हे खेळणं कशाचं? हत्यार हाय हे! आन रे हळदकुंकू!"

आणि कुणी आणायच्या आत ते स्वतःच हॉलमधून कोयरी घेऊन आले. चिमटीत हळद धरून ते पडद्याकडं वाकले. एक बोट टेकलं की मशीन पूजेला बसणार होतं, उद्यापर्यंत. तपासणी तिथंच संपली असती, अर्धवट.

सुंदररावांचा चेहरा फुलला. "लावा मालक, लावा! मी चुकलो. हत्यारच हाय. मी सोता नारळ आनतो."

"मालक, थांबा," शाईस्ता म्हणाली.

"कावून?"

तिनं सुंदररावांकडं बघितलं. ते नारळ आणायला निघालेच नव्हते. ते ऐकायला थांबले होते.

"खेळणं हाय ते," शाईस्ता म्हणाली.

"काय म्हणलात मॅडम?" सुंदरराव म्हणाले. "पंख्याच्या आवाजात ऐकू न्हाई आलं."

पंखा बंद होता. त्यांनीच बंद केला होता.

"खेळणं हाय."

"मालकांना सांगा. सायबांनाबी सांगा. जरा मोठ्यानं."

मुली तिच्याकडं बघत होत्या. सकाळी याच दारात ती काय बोलली होती ते त्यांनी ऐकलं होतं. रोहिणीचं बोट बटणावर तसंच होतं.

"खेळणं हाय!" शाईस्ता ओरडली. "लेकरांचं खेळणं हाय मालक, हत्यार न्हाई. हळद वाया घालू नका. रोहिणी, खेळ तू!"

अर्जुनराव गोंधळले. पण बाई एवढ्या रागानं सांगतेय म्हणजे खरंच असणार. चिमटीत घेतलेली हळद परत ठेवत नाहीत, म्हणून त्यांनी ती स्वतःच्या कपाळाला लावली आणि ते बाजूला झाले.

रोहिणीनं बटण दाबलं. ओळ पुढं सरकली, आकडा घसरला. "हितं," ती म्हणाली. "हितं तुमी वाढवायच्या जागी वजा केलंय." तिनं चिन्ह बदललं. भाकरी वाढल्या.

रामहरींनी शेरा लिहिला, अर्जुनरावांच्या हातात दिला आणि ते पायऱ्या उतरू लागले. बॅच चालू ठेवावी, असं त्यात होतं. रोहिणीनं मॅडमच्या फोनवरून आईला एवढंच सांगितलं, "ऱ्हायली." कौतुकाचे शब्द शेऱ्यात शोधूनही सापडत नव्हते, पित्ताच्या माणसाकडून तेवढंच खूप.

दुसऱ्या दिवशी दसरा. वैर असलं तरी सोनं द्यावंच लागतं. सुंदरराव आपट्याची पानं घेऊन मागच्या खोलीत आले. सगळ्यांत किडकं पान निवडून त्यांनी शाईस्ताच्या टेबलावर ठेवलं.

"सोनं घ्या मॅडम. सगळ्या गावाला सांगितलं मी. बस स्टँडवर सांगितलं, बाजारात सांगितलं. मॅडम सोताच्या तोंडानं म्हणल्या, खेळणी हायेत. तीनदा म्हणल्या."

"सांगा ना सर. कुठं राह्यलं असंल तर रिक्षा फिरवा." तिनंही एक पान दिलं, देठ त्यांच्याकडं करून. "काच नको म्हणून बीडला कळवलं का?"

सुंदररावांनी सांगणं थांबवलं नाही. पाटोद्यात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही, आणि ती पोरांच्या कानावर जायला तर मुळीच नाही. दसऱ्यानंतर हॉल उघडला. पोरांनी मोठ्याचं बटण दाबलं, चक्र फिरू लागलं. चहाला जायच्या ऐवजी पोरं मागच्या खोलीकडं गेली. आधी दोघं, मग रांगच.

सुंदररावांनी त्यांना दारात गाठलं. "काय करायलाव रे इथं?"

"खेळायलोत सर."

"मालक!" सुंदररावांनी हॉलमधून हाक मारली. "माझी पोरं मॅडमकडं शिकाया जायलीत!"

अर्जुनराव आले, त्यांनी आत डोकावलं. एक पोरगं एकेक ओळ थांबवत प्रोग्राम चालवत होतं आणि रोहिणी त्याच्या डोक्यावर उभी राहून त्याची अक्कल काढत होती.

"शिकाया कुठं? खेळायलीत की," अर्जुनराव म्हणाले. "अख्ख्या गावाला तुमीच सांगत फिरलात. मोकळ्या वेळात खेळली तर तुमचं काय जातंय? तुमचं तर अजून उघडलं बी न्हाई."

ते निघून गेले. सुंदरराव दारातच राहिले. आत त्यांचा तो कंसासकट पाठ म्हणणारा हुशार पोरगा एका लाल ओळीशी झगडत होता, आणि लाल अक्षरांतलं वाक्य बोट ठेवून वाचत होता.

"सर, आत या की," शाईस्ता गोड आवाजात म्हणाली. "फक्त चपला भाईर काढा. अन् लेकरांना रडवायचं न्हाई."

सुंदररावांनी हात लांब करून पंख्याचं बटण बंद केलं. मग ते हॉलमध्ये जाऊन चक्राकडं बघत बसले.